गाडी बदलायची जागा आपलीही आहे

  आज आम्ही कर्जाबद्दल किंवा हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे प्रवासात एका गाडीतून उतरून दुसरीत बसायच्या जागेबद्दल. तिथं आपला किती वेळ जातो, ते आपण कधी मोजतच नाही.

आपल्याकडे थेट गाडी फार कमी ठिकाणी जाते. सिहोऱ्याकडची किंवा नाकाडोंगरीकडची बाई नागपूरला निघाली, की आधी गावातून तुमसरला येते. रेल्वेनं जायचं असेल तर तुमसरहून पुन्हा देव्हाडी. नागपुरात उतरली की आणखी एक वाहन. म्हणजे एका दवाखान्यासाठी तीन-चार वेळा चढा आणि उतरा. गाडीत बसल्यावर प्रवास होतोच. बाई थकते ती मधल्या वाट पाहण्यानं.

याचं एक कारण जुनं आहे. आपल्या स्टेशनाचं नाव ‘तुमसर रोड’, पण स्टेशन आहे देव्हाडीला, शहरापासून चार-पाच किलोमीटरवर. ‘भंडारा रोड’ स्टेशनही भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. रेल्वेच्या नावात ‘रोड’ आलं की समजायचं, इथून त्या गावाला रस्ता जातो, गाव मात्र इथं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ टाकले, तेव्हा रुळांनी सरळ वाट धरली. पुढे देव्हाडीहून तिरोडीकडे फाटा निघाला. तो तुमसर शहरातून, गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज पट्ट्यातून जातो. म्हणून तुमसरला दोन स्टेशनं आहेत, तुमसर टाऊन आणि तुमसर रोड. नव्या माणसाला तिकीट काढताना हा फरक सांगावा लागतो. मुंबई-हावड्याच्या मोठ्या मार्गावरची गाडी धरायची असेल तर देव्हाडीलाच जावं लागतं.

रूळ आता हलवता येत नाहीत. पण बसची वेळ बदलता येते, शेड बांधता येते, दिवा लावता येतो.

मोठ्या शहरांनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही पाहू. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. ट्राम म्हणजे रस्त्यातच रूळ टाकून चालवलेली गाडी. 1907 मध्ये ती विजेवर आली, 1926 मध्ये मुंबईत मोटारबस सुरू झाली. ट्राम जिथं संपायची, त्या दादरच्या ठिकाणाला ‘दादर ट्राम टर्मिनस’ म्हणत. तिथं ट्राममधून उतरायचं आणि पुढे बस किंवा लोकल धरायची. 31 मार्च 1964 ला मुंबईतली शेवटची ट्राम धावली. रूळ गेले, पण त्या जागेला लोक अजून ‘दादर टीटी’च म्हणतात. गाडी बदलायची जागा सोयीची असली, की ती लोकांच्या तोंडी अशी बसते.

आता आपल्या जवळचं, नागपूरचं पाहू. नागपुरात ट्राम नाही, मेट्रो आहे. तिच्या दोन मार्गिका आहेत. एक खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, दुसरी लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना भेटतात. पहिला टप्पा मार्च 2019 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2022 पासून चारही दिशांना गाड्या धावू लागल्या. सीताबर्डीला एका मेट्रोतून उतरून स्टेशनाच्या आतच दुसरी धरता येते. ऊन लागत नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही. कोणती गाडी कुठून, ते मराठीत लिहिलेलं असतं. लिफ्ट असते, त्यामुळं गुडघे दुखणारी सासूबाईसुद्धा जाऊ शकते.

आपल्या बायांना हे उपयोगी पडावं म्हणून थोडं नीट सांगतो. नागपूर रेल्वे स्टेशनला लागून त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, ते प्रजापती नगरच्या मार्गावर. तिथून प्रजापती नगरकडे पुढचंच स्टेशन दोसर वैश्य चौक, मेयो दवाखाना त्याच्या जवळ. उलट्या दिशेनं कॉटन मार्केट आणि मग सीताबर्डी. एसटीनं भंडारा रोडवरून नागपुरात शिरलात, तर प्रजापती नगर शहराच्या त्याच टोकाला आहे. तिथं बस थांबते का, ते वाहकाला आधी विचारून घ्यायचं. म्हणजे दवाखान्यासाठी नेहमीच शहराच्या मध्यापर्यंत जाऊन परत उलटं यायची गरज नाही.

आता पैशाचं. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या बसमध्ये बायांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि 75 च्या वर मोफत, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवायचं. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. पण लक्षात ठेवा, ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. बालाघाटकडे जाणाऱ्या बसमध्ये हद्दीपलीकडचं तिकीट पूर्ण लागतं.

तिकीट अर्धं झालं, पण जोडगाडी चुकली तर काय? काळीपिवळी किंवा ऑटोला द्यावं लागतं, आणि वाचलेले पैसे तिथंच जातात. रोवणीच्या दिवसात तर अर्धा दिवस गेला म्हणजे मजुरी गेली. आमच्या गटांच्या बैठकीत बाया हेच बोलतात. एकजण म्हणाली, “एसटी डोळ्यासमोरून निघून गेली न माय, मंग अंधारात कोणासंग जाऊ?” दुसरीनं सांगितलं, पोरीला संध्याकाळचा क्लास लावलाच नाही, कारण परतीची शेवटची गाडी लवकर निघते. तिसरी प्रवासाला निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. का पीत नाही, ते इथं सांगायला नको, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पोरीचं शिक्षण, पोटातलं बाळ आणि आपली तब्येत, तिन्ही या वाट पाहण्याच्या जागेवर अडकतात.

म्हणून आम्ही बैठकीत एक काम केलं. जमिनीवर रांगोळीनं रस्ता काढला. गाव, फाटा, बसस्थानक, देव्हाडी, नागपूर. जिथं वाट पाहावी लागते तिथं एकेक तांदळाचा दाणा, जिथं भीती वाटते तिथं लाल मिरची ठेवायला सांगितलं. लिहिता न येणाऱ्या आजीनंही ठेवलं. मिरच्या कुठं जमल्या ते सगळ्यांना दिसलं. फाट्यावर, आणि संध्याकाळी स्टेशनाबाहेर.

तुमच्या गटातही हे करा. मग महिनाभर एका वहीत लिहा. कोणत्या दिवशी, गाडी किती वाजता आली, पुढची किती वाजता मिळाली. ‘खूप त्रास होतो’ असं म्हटलं की साहेब मान डोलावतात. तारीख आणि वेळ लिहून दिली, की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

अर्ज कोणाकडे द्यायचा, तेही ऐका. बसची वेळ आणि स्थानकातली सोय यासाठी एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे, प्रत भंडाऱ्याच्या विभाग नियंत्रकांकडे. रेल्वेच्या हद्दीतलं असेल तर स्टेशन मास्तरांकडे. शहरातला दिवा, नाली, शौचालय यासाठी नगर परिषद, गावातल्या फाट्यासाठी ग्रामपंचायत. महिला सभेत ठराव घ्या, तो ग्रामसभेत मांडा आणि त्याची नक्कल अर्जाला जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

मागणी थोडी आणि नेमकी ठेवा. शेड आणि बाकडं. संध्याकाळी दिवा. स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय. पिण्याचं पाणी. मराठीत वेळापत्रकाचा फलक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, संध्याकाळच्या गाडीनं उतरलेल्या माणसांना घेऊन जाईल अशी शेवटची बस. शेवटच्या मागणीला खर्च कमी आणि उपयोग सगळ्यांत जास्त. वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे केली, तरी कितीतरी बाया घरी सुखरूप पोचतील.

तोवर एकमेकींची सोबत ठेवा. कोण कधी जाणार ते गटाच्या फोनवर आदल्या दिवशी सांगा. रेल्वेत अडचण आली तर 139, कुठंही धोका वाटला तर 112, बायांच्या मदतीसाठी 181. हे तीन आकडे आज पोरीबाळींकडून पाठ करून घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत रांगोळीचा नकाशा काढाच. तुमच्या गावच्या मिरच्या कुठं जमल्या, ते आम्हाला कळवा. आपण सगळ्या गटांचे अर्ज एकाच दिवशी द्यायला जाऊ.