आरोग्यनिधीस सांडवा हवा
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावर विम्यासारखा रूक्ष विषय आम्ही का आणला, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे कारण आपल्याच घरातले आहे. गेल्या वर्षी आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून ज्ञातीतील एका बालकाच्या दीर्घ उपचारांस मदत दिली गेली. बालक बरे झाले, याचा आपणां सर्वांस आनंद आहे. परंतु निधी जवळजवळ रिता झाला आणि पुढील तीन अर्जदारांस रिक्तहस्ते परत पाठवावे लागले. "एकाच घरासाठी सर्वांची पुंजी का वेचली?" असा प्रश्न वार्षिक सभेत आला. त्या बालकाची माउली त्या वेळी सभागृहातच बसली होती. तो प्रसंग आम्हांस विसरता आला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमचे लक्ष अमेरिकेतील नगरपालिकांच्या एका व्यवस्थेकडे गेले. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलेमुली त्या देशी नोकरीस असल्याने हा विषय अगदीच परका नाही.

तिकडे नोकरदारांच्या औषधोपचाराचा भार बहुधा नोकरी देणाऱ्यावर असतो. पुष्कळ नगरपालिका त्यासाठी विमा कंपनीकडे सर्व जोखीम न सोपवता स्वतःचाच निधी राखतात. नगरपालिकेचा हिस्सा आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातील कपात त्यात जमा होते व रुग्णालयांची बिले त्यातूनच भागतात. बिले तपासून चुकती करण्याचे काम बहुधा एखाद्या बाहेरच्या संस्थेकडे असते. पैसा मात्र नगरपालिकेचा. वर्ष बरे गेले तर शिल्लक निधीतच राहते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

परंतु वर्ष बरे जाईलच असे नाही. ताप, बाळंतपणे, हाडे मोडणे यांचा खर्च मागील अनुभवावरून बराचसा अंदाजता येतो. अपुऱ्या दिवसांचे एखादे अर्भक महिनोन्‌महिने रुग्णालयात राहिले, तर तो अंदाज कोलमडतो. मेरुरज्जूशी संबंधित एका आनुवंशिक विकारावर २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेल्या जनुकोपचाराच्या एका मात्रेची किंमत २१ लक्ष २५ हजार डॉलर ठेवण्यात आली. शिवाय २०१० च्या तेथील कायद्याने आवश्यक उपचारांवर जन्मभराची कमाल रक्कम ठरविण्यास मनाई केली आणि २०१४ पासून वार्षिक मर्यादाही गेली. रुग्णाच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण लहान नगराच्या निधीस आता वरचे टोकच उरले नाही.

म्हणून अशी नगरे 'स्टॉप लॉस' नावाचा विमा घेतात. धरणास जसा सांडवा, तसा निधीस हा विमा. ठरल्या पातळीपर्यंतचे पाणी धरणाने पेलावे. त्यावरचे सांडव्यावाटे जावे, म्हणजे भिंत फुटत नाही. याचे दोन प्रकार आहेत. समजा, एका नगराने दर माणसामागे दीड लक्ष डॉलरची पातळी ठरविली आणि एका अर्भकाचे बिल नऊ लक्ष झाले. तर दीड लक्ष निधीतून जातील व साडेसात लक्ष विमा कंपनी भरून देईल. दुसरा प्रकार साऱ्या खर्चाच्या बेरजेचा. वर्षाचा अपेक्षित खर्च साठ लक्ष असेल, तर बहुधा त्याच्या सव्वापट, म्हणजे पंचाहत्तर लक्षांवर रेषा आखतात. त्यापुढील भार कंपनीचा.

यात एक मर्म आहे. हा विमा रुग्णाचा नसून निधीचा असतो. कर्मचाऱ्यास दिलेले वचन नगरपालिकेचेच राहते. कंपनीने पैसे नाकारले, तरी योजनेत बसणारे रुग्णाचे बिल नगरपालिकेस चुकवावेच लागते. आणि कंपन्याही सावध असतात. करार बहुधा एका वर्षाचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी एखादा महागडा रुग्ण आधीच ठाऊक असेल, तर त्या एकट्यासाठी कंपनी पातळी दुप्पट-तिप्पट करून मागते. आजार या वर्षीचा आणि बिल पुढील वर्षीचे, अशा वेळी ते कोणत्या करारात बसते, हेही आधी पाहावे लागते. सारांश, सांडवा पूर येण्यापूर्वी बांधावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपला निधी हा धर्मादाय साहाय्याचा निधी आहे, विमा नव्हे. १९३८ च्या विमा कायद्यान्वये नोंदणीवाचून विम्याचा व्यवसाय कोणास करता येत नाही. तेव्हा तिकडची व्यवस्था जशीच्या तशी येथे आणणे नको. पण तिचे तत्त्व प्रत्येक कुटुंबास अंगीकारता येईल. आपल्याकडे 'सुपर टॉप-अप' नावाची आरोग्य पॉलिसी मिळते. वर्षभरातील रुग्णालयाचा एकूण खर्च ठरल्या रकमेपलीकडे गेला, की वरचा भार ती करारातील कमाल रकमेपर्यंत उचलते. खालचा भार स्वतः सोसावयाचा असल्याने तिचा हप्ता पूर्ण पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. साध्या 'टॉप-अप'मध्ये मात्र ती रेषा बहुधा दर आजारपणास वेगळी मोजतात. हा भेद सही करण्यापूर्वी ध्यानी घ्यावा. जुन्या आजारांस प्रतीक्षाकाल असतो, म्हणून प्रकृती धडधाकट असतानाच ती घेणे शहाणपणाचे.

आमची कार्यकारी मंडळास विनंती अशी की, निधीतून एका रुग्णास किती साहाय्य द्यावयाचे ते वर्षारंभीच ठरवावे. ज्या कुटुंबांची ऐपत नाही त्यांच्या पॉलिसीच्या हप्त्यास निधीने हातभार लावावा. आणि ज्यांस जुन्या आजारामुळे कोणतीच कंपनी दारात उभी करीत नाही, त्यांच्यासाठी निधीचा काही भाग राखून ठेवावा. कंपनी त्यांस वगळील. ज्ञातीने वगळू नये.

त्या सभेतील प्रश्नाचे उत्तर आज देतो. एका बालकासाठी निधी वेचला, यात चूक नव्हती. निधी त्यासाठीच असतो. चूक आपली होती की, आपण रेषा आखली नाही आणि रेषेपलीकडची सोय केली नाही. ती माउली आजही येथे उपस्थित आहे. यापुढे आपल्या कोणत्याही सभेत कोणत्याही मातेस मान खाली घालावी लागू नये, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.