तो मेल इतका बावळट का असतो?

आज आपण स्पॅम फोल्डर उघडणार आहोत. गंमत म्हणून नाही, जरा नीट.

तुमच्या मेलचं स्पॅम फोल्डर शेवटचं कधी बघितलंत? तिथे बहुतेक एक विधवा असते. तिचा नवरा मंत्री होता, नाहीतर लष्करात जनरल. तो गेला आणि जाताना काही कोटी डॉलर कुठल्याशा बँकेत अडकवून गेला. ते बाहेर काढायला तिला परदेशातला एक प्रामाणिक माणूस हवाय, आणि जगातल्या आठ अब्ज माणसांतून तिने नेमकं तुम्हाला हेरलंय. तीस टक्के तुमचे. फक्त कागदपत्रांची थोडी फी आधी भरायची.

आपण हसतो, स्क्रीनशॉट काढतो, ग्रुपवर टाकतो. मग कुणीतरी विचारतंच, ‘याला फसतं तरी कोण?’ आणि उत्तर आपल्या खिशात तयार असतं. मूर्ख लोक. किंवा हावरट लोक. मला हे उत्तर पटत नाही. का, ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ब्राझीलमध्ये बँको नोरोएस्ते नावाची बँक होती. तिथल्या एका वरिष्ठ संचालकाला नायजेरियाहून निरोप आला. बोलणारा माणूस म्हणत होता, मी नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर. म्हणजे आपल्याकडच्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरसारखा. अबुजामध्ये नवीन विमानतळ बांधायचाय, पैसे गुंतवा, तुम्हाला १ कोटी डॉलर कमिशन. विमानतळ नव्हता. गव्हर्नरही खोटा होता. त्याचं खरं नाव इमॅन्युएल न्वुडे, आणि तो स्वतः नायजेरियातल्या एका बँकेचा माजी संचालक. १९९५ ते १९९८ या काळात त्या ब्राझिलियन संचालकाने बँकेचे पैसे पाठवले. किती? व्याज धरून २४ कोटी २० लाख डॉलर. स्पेनची सांतांदेर बँक नोरोएस्ते विकत घ्यायला आली, तिच्या लोकांनी हिशेब मागितले, तेव्हा कुठे खड्डा दिसला. न्वुडेला २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

आता सांगा, हा संचालक मूर्ख होता? पैशाचे व्यवहार हेच त्याचं काम होतं. हाव होती, मान्य. पण हाव तर आपण सगळेच शेअर बाजारात दाखवतो, तिथे तिला आपण ‘फायनान्शियल गोल’ म्हणतो.

जरा आडवळण. नायजेरियात या प्रकाराला ‘फोर वन नाइन’ म्हणतात, ४१९. तिथल्या फौजदारी कायद्यातलं हे फसवणुकीचं कलम. आपण ‘चारसोबीस’ म्हणतो ना, अगदी तसंच! दोन्ही कायदे इंग्रजांच्या काळातले. आपल्या जुन्या दंडसंहितेतही ४१९ होतंच, तोतयागिरी करून फसवण्याबद्दल. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ४२० चं ३१८ झालं. पण ‘तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे’ असं म्हणायला अजून कुणाची जीभ वळत नाही.

पण हा धंदा मुळात नायजेरियाचा नाहीच. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हिदोक नावाच्या माणसाने याबद्दल लिहून ठेवलंय. व्हिदोक आधी गुन्हेगार, नंतर थेट पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख, त्यामुळे त्याला दोन्ही बाजू ठाऊक. तो सांगतो, तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रं लिहायचे. ‘मी एका सरदाराचा नोकर. क्रांतीत पळताना दागिन्यांची पेटी अमुक ठिकाणी टाकून आलो. मला थोडे पैसे पाठवा, सुटलो की तुम्हाला जागा दाखवतो.’ पुढे याचाच अवतार ‘स्पॅनिश कैदी’ म्हणून युरोप-अमेरिकेत फिरला. १९८० च्या दशकात नायजेरियातून टपालाने, फॅक्सने पत्रं जायला लागली, आणि मग ईमेल आला.

ईमेल आल्यावर नेमकं काय बदललं? खर्च. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

हाताने पत्र लिहायचं, टपालखर्च करायचा, तर तुम्ही माणूस निवडून लिहाल आणि पत्र झकास लिहाल. ईमेल जवळपास फुकट. मग तो लिहिणारा इतका गचाळ का लिहितो? ‘नायजेरिया’ असं उघड का सांगतो, जे वाचून निम्मं जग हसतं? २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी बरोबर हाच प्रश्न घेऊन पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं मला आवडलं, कारण ते शुद्ध फॉल्स पॉझिटिव्हचं गणित आहे.

मी माझे आकडे घेऊन सांगतो, आकडे काल्पनिक आहेत. समजा, १ लाख मेल गेले. मेल छान, पटेल असा लिहिला. १,००० लोकांनी उत्तर दिलं. आता या प्रत्येकाशी बोलावं लागतं, कागद बनवावे लागतात, फोन करावे लागतात. माणशी पाच तास धरा. झाले ५,००० तास. त्यातले ९९० लोक ऐन पैसे भरायच्या वेळी ‘थांबा, घरी विचारतो’ म्हणून सटकले. पैसे दिले दहा जणांनी. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ५०० तास. आता मेल बावळट लिहा. उत्तरं आली फक्त वीस, पण त्यातल्या आठ जणांनी पैसे दिले. एकूण १०० तास. एका गिऱ्हाइकामागे साडेबारा तास. कुठला धंदा कराल?

मेल पाठवणं फुकट असतं, बोलणं महाग असतं. म्हणून मेलचं काम पटवणं नाहीच. त्याचं काम तुम्हा-आम्हाला हसवून बाहेर काढणं. तुम्ही हसून डिलीट केलंत ना, तिथे त्याचा फिल्टर बरोबर चालला.

या पेपरचा इंटरनेटवर एक अर्थ फार फिरतो, की ‘बघा, ते मुद्दाम मूर्खच शोधतात.’ मला वाटतं इथे घोळ होतो. फिल्टरमधून उरतो तो असा माणूस, ज्याने ही गोष्ट आधी ऐकलेली नाही. किंवा ऐकलीय, पण आत्ता त्याला पैशाची इतकी नड आहे की विश्वास ठेवणं परवडतं आणि न ठेवणं परवडत नाही. मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल, बुडालेला धंदा. अक्कल तीच असते, वेळ वाईट असते.

शिवाय गोष्ट पूर्ण हवेतली नसते. नायजेरियाचा हुकूमशहा सानी अबाचा १९९८ मध्ये मेला. त्याने देशाचे पैसे खरंच लुटून बाहेर ठेवले होते. स्वित्झर्लंडने पुढे त्यातले सुमारे ७० कोटी डॉलर नायजेरियाला परत केले. मग त्याच्या विधवेच्या नावाने मेल सुटले. ज्याने ही बातमी पेपरात वाचली होती, त्याला तो मेल जास्त खरा वाटणार. इथे वाचन करणारा माणूस जास्त धोक्यात आला बघा.

आणि ‘आधी फी भरा’ हे आपल्याला विचित्र का वाटत नाही? कारण आपण आयुष्यभर तेच करतो. परीक्षेचा फॉर्म भरताना फी, लोनला प्रोसेसिंग फी, व्हिसाला फी, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत नाही. लकी ड्रॉमध्ये गाडी लागली, तर बक्षीस हातात पडायच्या आधी टॅक्स भरावा लागतो, हे तर खरोखर आपल्या आयकराच्या नियमात आहे. रोख बक्षीस असेल तर टॅक्स त्यातूनच कापतात. म्हणून विचारण्यासारखा प्रश्न एकच: ‘पैसे आहेत म्हणता ना, मग तुमची फी त्यातूनच कापून घ्या की!’ समोरच्याकडे याचंही उत्तर असतं. ‘सर, रक्कम सील आहे, हात लावायची परवानगी नाही.’ पण हे उत्तर ऐकताना तरी माणूस क्षणभर थांबतो.

खरं फसणं घडतं ते मेल वाचताना नाही, त्यानंतरच्या पायऱ्यांवर. समजा एक गृहस्थ आहेत. पहिल्यांदा ५,००० भरले, नोंदणीचे. ते गेले तर गेले, असं म्हणूनच भरले. मग आला वकिलाचा खर्च, २०,०००. आता प्रश्न ‘हे खरं का?’ असा राहिला नाही. प्रश्न असा झाला की २०,००० नाही भरले तर आधीचे ५,००० बुडाले. मग ५०,०००, आणि दर वेळी सांगतात, ‘बस, हा शेवटचा हप्ता.’ प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून बघितली तर लहानच दिसते. तळमजल्यावरून बघणारा माणूस मध्येच ओरडेल, ‘अहो, कुठे निघालात?’ पण तळमजल्यावर कुणी नसतंच, कारण पहिल्याच आठवड्यात अट घातलेली असते: कुणाला सांगू नका.

ही अट म्हणजे अख्ख्या यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा स्क्रू. नायजेरियाच्या मेलमध्ये तर पैसा थोडा काळा आहे हे मुद्दाम सुचवलेलं असतं. म्हणजे तुम्हीही थोडे गुन्हेगार. आता पोलिसांत काय सांगणार? बायकोला काय सांगणार? आणि त्यात आपण मघाशी ग्रुपवर टाकलेला स्क्रीनशॉट आठवा, वर ‘अशा मूर्खांचं काय करायचं’ असं लिहिलेला. त्या ग्रुपमध्ये तिसऱ्या पायरीवर उभा असलेला कुणी काका असेल, तर तो तोंड उघडेल? आपलं हसणं त्या चोराच्या फुकटात कामाला येतं.

आपल्याकडे याच धंद्याची दोन रूपं आहेत. एक तुम्हाला माहीत आहे: व्हॉट्सअॅपवर अमिताभचा फोटो, केबीसीच्या नावाने २५ लाखांची लॉटरी, आणि एक व्हॉइस क्लिप. तो फिल्टर नायजेरियन मेलसारखाच, ज्याने उलटा फोन केला तो निवडला गेला. परदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवायला फेमा कायद्यात मुळात बंदी आहे, आणि रिझर्व्ह बँक कुणा व्यक्तीचं खातं ठेवतच नाही. तरी तिच्या नावाचे मेल फिरतातच.

दुसरं रूप आपल्या वयाच्या लोकांसाठी आहे. टेलिग्रामवर ‘पार्ट टाइम जॉब’. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. सुरुवातीला तेच तुम्हाला शे-दीडशे रुपये देतात, खरे, खात्यात. मग ‘प्रीपेड टास्क’: १,००० भरा, १,३०० घ्या. तेही येतात! मग १०,०००, मग ५०,०००, आणि स्क्रीनवर शिल्लक दिसते तीन लाख. काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’. झालं, विधवा हजर! पुण्यात आयटीतल्या लोकांनी यात लाखो घालवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सतत आल्या आहेत. नायजेरियन मेलला हसणारे बरेचसे हेच लोक असतील.

आणि आता हर्लींच्या गणिताकडे परत या. मेल बावळट ठेवायचं कारण काय होतं? बोलणं महाग होतं. आज शुद्ध मराठीत, न कंटाळता, एकाच वेळी हजार जणांशी गप्पा मारणारं सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. तेव्हा ५,००० तासांचा खर्च कोसळतो. मग फिल्टरची गरज उरत नाही. मग मेल छान लिहिला तरी परवडतो, आणि ९९० लोक मध्येच सटकले तरी चालतात. व्याकरणाच्या चुकांवरून चोर ओळखायची आपली सवय फार दिवस पुरेल असं मला वाटत नाही.

एक शेवटची पायरी सांगायची राहिली. फसवले गेलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. काही महिन्यांनी त्याच काकांना फोन येतो: ‘आम्ही सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत. सोडवायची फी फक्त अमुक.’ त्यांनी अजून घरात कुणाला सांगितलेलं नसतं, त्यामुळे हा फोनही ते एकटेच घेतात.

तेव्हा घरात असं काही कळलं, तर ‘असं कसं फसलात?’ नंतर विचारा. आधी विचारा, शेवटचे पैसे कधी पाठवले आणि कुठल्या खात्यात. लगेच १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रारीसाठी सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे. दोन्हीकडे फी नाही. चॅट, पावत्या काहीही डिलीट करू देऊ नका, लाजेने बरेच जण आधी तेच करतात.

टास्कवाल्या प्रकारात तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल आणि सांगावंसं वाटलं, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव वाचणार नाही. भेटू पुढच्या भागात.