मूल गेलं, पण घरातच राहिलं: इनामगावची गोष्ट

घाटकोपरहून अंधेरीची मेट्रो पकडली असेल, तर उतरायच्या आत आजचा भाग ऐकून होईल.

मेक्सिकोत, कोलिमा भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी थडग्यात मातीचे कुत्रे ठेवायचे. नेटवर फोटो पाहिले असतील. पण आपल्याकडचं माहीत आहे?

पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीकाठचं इनामगाव. १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी.

इथे तान्हं मूल गेलं, की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आणि पुरायचे कुठे? राहत्या घराच्या जमिनीत! मोठ्यांनाही घरात किंवा अंगणात पुरलेलं, डोकं उत्तरेला. पण पावलं मात्र घोट्यापासून तोडलेली. गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा अंदाज.

एका घरात जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी सापडली. आत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी मूर्ती आणि एक बैल. हे दफन नव्हे, बहुधा घरातली देवी. म्हणजे देवी आणि गेलेलं लेकरू, दोघंही पायाखालच्याच मातीत.

आपलं स्मशान घरापासून लांब असतं. घरात उरतो हार घातलेला फोटो. त्या आईची चूल मात्र लेकरापासून चार पावलांवर होती. तिला त्याची भीती नव्हती वाटत. त्याला लांब ठेवणंच जमत नसावं.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचं काय जपून ठेवलंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!