वयात येणाऱ्या मुलांचे शिक्षण आणि आपण पालक
(पालकसभेतील भाषण)



आठवी ते दहावीच्या मुलामुलींना शरीर, आरोग्य आणि स्त्री-पुरुष संबंध यांविषयी शाळेत शिकवावे काय, यावर दर्यापूरच्या एका कापड व्यापाऱ्याने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या प्रश्नाची एक बाजू कापडाचीच आहे. पूर्वी घरोघरी सुती लुगडी असत; जीर्ण झाली की त्यांचीच फडकी मासिक पाळीत वापरली जात. पुढे नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांचे फडके ओल नीट शोषत नाही. फडके साबणाने धुऊन उन्हात वाळवावे हा साधा नियम. पण लाजेपायी ते दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात दमटच राहते. मुलीला हे पहिल्या पाळीपूर्वी कोणीतरी सांगावे, येथून या शिक्षणाचा आरंभ होतो.

न बोलण्याचे परिणाम आपल्या विदर्भातच मोजले गेले आहेत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. राणीताईंनी पुढे तरुण-तरुणींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे सुरू केली.

२००७ साली केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य शासनाने तो थांबविला. चित्रे वगळता आली असती. विषयच वगळला, हे मला पटलेले नाही. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले आणि खटले सोसूनही १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्या महाराष्ट्राची ही कथा! १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

मुले बिघडतील, असे काही पालक म्हणतात. मोबाइलवर मुले काय पाहतात, हे विचारण्याचे धाडस मात्र थोडेच करतात. गृहस्थाच्या अणुव्रतांत स्वदारसंतोष सांगताना आपल्या आचार्यांना संकोच वाटला नाही. मग शिक्षकांना का वाटावा?

याहून गंभीर बाब कायद्याची. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. पण कळणार कसे? घडलेले सांगायला मुलाजवळ शब्द तर हवेत. आणि मुलगे यातून सुरक्षित आहेत, असे कोणी समजू नये.

माझी सूचना अशी : महिन्यातून दोन तास ठेवावेत. मुलींना स्त्री डॉक्टरांनी, मुलांना पुरुष डॉक्टरांनी शिकवावे. निदान पहिले वर्ष वेगळे बसवावे. वापरावयाची पुस्तिका आधी पालकांना द्यावी. ज्या पानावर आक्षेप असेल तेथे खूण करून ती मुख्याध्यापकांकडे परत करावी. त्या पानावर चर्चा होईल, हवे तर ते बदलता येईल. तास मात्र रद्द होऊ नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.