जीवशास्त्राचे उत्तर आणि गोठ्यातील शेण



गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत आहे. 1949 मध्ये तिची स्थापना झाली आणि मुंबईच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे तेथे हलविण्यात आले. बारावीच्या जीवशास्त्रातील एक नेहमीचा प्रश्न या गोठ्यांतच उभा आहे : ‘गोबर गॅस कसा तयार होतो, ते स्पष्ट करा.’

पुष्कळ विद्यार्थी संयंत्राचे वर्णन लिहून थांबतात. वास्तविक ‘स्पष्ट करा’ या शब्दांत कार्यकारणभाव अपेक्षित असतो. म्हैस गवत खाते. परंतु गवतातील सेल्युलोज पचविणारे विकर तिचे शरीर तयार करीत नाही. ते कार्य तिच्या जठरातील रूमेन या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात. त्यांतील मिथेनजनक सूक्ष्मजीव शेणाबरोबर बाहेर पडतात. म्हणूनच शेणकाल्यात ते निराळे मिसळावे लागत नाहीत.

टाकीत प्रथम मोठ्या रेणूंचे साध्या पदार्थांत विघटन होते, नंतर त्यांपासून सेंद्रिय आम्ले बनतात आणि अखेरीस मिथेन निर्माण होतो. मिथेनजनकांना प्राणवायू सोसत नाही. सबब टाकी हवाबंद असावी लागते. थंडीत त्यांचे कार्य मंदावते, म्हणून हिवाळ्यात गॅस कमी मिळतो. तयार वायूत सुमारे 50 ते 70 टक्के मिथेन, तर उर्वरित भागात प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड असतो. उरलेला काला शेतास उत्तम खत होतो.

एवढी साखळी समजली की ‘व्याख्या लिहा’, ‘कारणे द्या’, ‘नामनिर्देशित आकृती काढा’ असे प्रश्न तिच्याच कड्या ठरतात. आकृतीत शेणकाला आत जाण्याचा मार्ग, पाचक टाकी, वायुटाकी आणि काला बाहेर पडण्याचा मार्ग दाखविल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. भारतात हे तंत्र विकसित करण्यात भारतीय कृषी संशोधन संस्था आणि खादी व ग्रामोद्योग आयोग यांचा मोठा वाटा आहे. त्या आयोगाचे मुख्यालय गोरेगावपासून जवळच, विलेपार्ले येथे आहे.

खरी अडचण निराळीच आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या अनेक मुलांना अकरावीत विज्ञान एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागते. गोठ्यात वाढलेल्या मुलास शेण ठाऊक असते, संज्ञा ठाऊक नसते. शहरी मुलास संज्ञा पाठ असते, पण वस्तू पाहिलेली नसते. दोघांचेही गुण जातात, आणि त्या गुणांवर त्यांचा पुढील प्रवेश अवलंबून असतो.

यास्तव अध्यापकांनी प्रथम मराठीतून कारण वदवून घ्यावे, मग संज्ञा द्यावी आणि शेवटी उत्तर लिहवून घ्यावे. गावात गोबर गॅस संयंत्र असल्यास पंचायतीने ते विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेले परीक्षेच्या दालनात सहसा विसरले जात नाही.