सावळशाची हुंडी



वाशीच्या बाजार समितीत गोण्या उचलणारे माथाडी कोण? सातारा, सांगली, पुण्याकडची आपलीच माणसं. त्यातले कितीतरी माळकरी. पूर्वी घरी पैसे पाठवायचे म्हणजे मनिऑर्डर, नाहीतर गावी निघालेल्या एखाद्याच्या हाती पाकीट. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. यूपीआय त्याच वर्षी आलं होतं. आज टपरीवर चहा पिता पिता पैसे आईच्या खात्यात पोचतात. चांगलंच झालं की!

पण बिनरोकड व्यवहार काय आजचा आहे? नरसी मेहतांची कथा आठवा. महिपतीबाबांनी ती ‘भक्तिविजया’त सांगितली आहे. द्वारकेला निघालेले यात्रेकरू जुनागडला आले. जवळ ७०० रुपये, वाटेत लुटारूंचं भय. टवाळांनी त्यांना पाठवलं नरसींच्या दारी, ज्यांच्या घरी दुसऱ्या वेळची भाकर नाही! नरसींनी हुंडी लिहिली द्वारकेच्या सावळशा शेठच्या नावे, आणि आलेला पैसा साधुसंतांच्या सेवेत घातला. द्वारकेत असा शेठ कुणालाच ठाऊक नाही. यात्रेकरू रडकुंडीला आले. तेव्हा देवच सावळशा झाला आणि त्यानं हुंडी वटवली.

कागद कशावर चालला, सांगा बरं? विश्वासावर. तुमच्या मोबाइलमधला पैसाही विश्वासावरच चालतो. म्हणूनच लुटारू आता रस्ता सोडून फोनवर बसलेत! कुणी म्हणालं, ‘बाबा, तुम्हाला पैसे आलेत, पिन टाका,’ तर ओळखा. पिन लागतो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. गुरुमंत्र जपता तसा तो जपा. फसलात तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा.

आणि दुकानदार माउली, तुम्हाला एक विनवणी. एखादी म्हातारी पदराची गाठ सोडून नाणी पुढं करील, तिला ‘स्कॅन करा’ म्हणून परत पाठवू नका. तिचं नाणं आजही सरकारमान्य आहे. तिच्याकडं मोबाइल नाही, पण भूक आहे ना? नरसींच्या फाटक्या घराकडं पाहून लोक हसले. देवानं घर पाहिलं नाही, त्यांचा शब्द राखला. तुमच्या दारी आलेल्या त्या माउलीचा मान तुम्ही राखा. सावळशाला ती हुंडी पोचते.

रामकृष्ण हरी!