डबा परत येतो तेव्हा

(पालक आणि तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘मुलांच्या शिक्षणाचा पाया’ हा विषय दिला. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि एका लहान मुलीचा बाप आहे. त्या बापाच्या हातून झालेली एक चूक सांगायला मी उभा आहे. तुमच्यातल्या अनेकांची आत्ताच लग्नं झाली आहेत, काहींची व्हायची आहेत. ही चूक तुम्ही करू नये, एवढाच हेतू.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी ज्युनिअर केजीत होती. शाळा साडेतीन तासांची. पालकसभेत मी वेळापत्रक हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “यात अर्धा तास खाऊ, एक तास खेळ आणि वीस मिनिटं सतरंजीवर आडवं व्हायचं. मग आम्ही फी कशाची भरतो? खेळायला आणि झोपायला घर आहे की.” टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

शाळेनं पालकांचं ऐकलं. पुढच्या महिन्यापासून सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. खाऊची सुट्टी दहा मिनिटांवर आली. खेळ फक्त शनिवारी. त्याजागी इंग्रजी लेखन आणि अंक आले.

मग डबा परत यायला लागला. चपातीचा एक कोपरा तुटलेला, अंडं तसंच. विचारलं तर म्हणायची, “अब्बू, डब्बा खोलतेच बेल बजती.” चार वर्षांच्या मुलाला झाकण उघडायला दोन मिनिटं लागतात, हात धुवायला रांग लागते, शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते बघायचं असतं. दहा मिनिटांत खाणं कुठून होणार? घरी येताना ती व्हॅनमध्येच झोपायची. दोनदा वर्गात कपडे ओले झाले. सकाळी उठवलं की रडायची. मी तिलाच रागवायचो. अम्मी म्हणाली, “पोरगी आळशी नाही रे, थकलीय.” मी ऐकलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिचा दिवस कागदावर लिहून काढला. साडेसहाला उठणं. साडेसातला व्हॅन. साडेअकरापर्यंत शाळा. दोन ते तीन अरबीचा सबक. साडेचार ते साडेपाच ट्यूशन. रात्री होमवर्क. त्या कागदावर मला तिच्या स्वतःच्या मर्जीचा एक तास सापडला नाही.

आणि माझा दिवस? माझ्या ऑफिसात चहा-कॉफीचं मशीन आहे, टेबल टेनिस आहे, डोकं जड झालं तर पडायला एक खोली आहे. कंपनी हे दयेपोटी देत नाही. थकलेला माणूस चुका करतो, हा हिशेब त्यामागे आहे. आम्ही सर्व्हरसुद्धा शंभर टक्के भरून चालवत नाही, थोडी जागा मोकळी ठेवतो; नाहीतर कामं तुंबतात. जे मी तिशीतल्या माणसांसाठी आणि यंत्रांसाठी मान्य करतो, ते चार वर्षांच्या मुलीकडून भर सभेत काढून घेतलं होतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू प्रचंड ऊर्जा खातो. शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा लागते, त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू घेतो. पोट मात्र मुठीएवढं. म्हणून त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप हवी, त्यात दुपारची झोपही धरली आहे. आणि किमान तीन तास शरीराची हालचाल हवी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१३ मध्ये चाळीस लहान मुलांवर एक प्रयोग झाला. सकाळी त्यांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. दुपारी झोपल्यावर त्यांना त्या जागा जास्त आठवल्या. जागं ठेवलं त्या दिवशी कमी. नेहमी दुपारी झोपणाऱ्या मुलांमध्ये हा फरक मोठा होता, आणि बुडालेली झोप रात्रीच्या झोपेनं भरून निघाली नाही. म्हणजे सकाळी शिकलेलं दुपारच्या झोपेत पक्कं होतं. आपल्या घरातली बुजुर्ग मंडळी कैलुला करतात. त्यांना प्रयोगाची गरज पडली नव्हती.

खेळाचंही तसंच. मातीत भांडी मांडणारी मुलगी मोजते, वाटून घेते, भांडते, समेट करते, नवे शब्द बोलते. आपण तिला उठवून ‘वन, टू, थ्री’ लिहायला बसवतो आणि म्हणतो, आता अभ्यास सुरू झाला.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे, असं कोणी म्हणेल. ‘किंडरगार्टन’ हा शब्द जर्मनीतल्या फ्रोबेलचा, १८४० चा. अर्थ मुलांची बाग. पण आपल्या महाराष्ट्रातच १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तिथे अक्षरांच्या आधी अंघोळ होती, नखं कापणं होतं, खाणं होतं, गाणी होती. अंगणात भरते ती अंगणवाडी. १९७५ नंतर सरकारी योजनेतून हा शब्द देशभर पोचला. आज २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम जेवणाचा हक्क देतो. गरिबाच्या मुलासाठी कायद्यात लिहिलेला खाऊ आम्ही फी भरून आमच्या मुलांच्या ताटातून काढतो!

आता थोडं आपल्याविषयी. आपण इतकी घाई का करतो? कारण आपल्याला मागे पडण्याची भीती आहे, आणि ती खोटी नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं की सहा ते चौदा वयातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. पण नीट बघा, गळती त्या वयात आहे. चौथ्या वर्षी एबीसीडी लिहून ती थांबत नाही. उलट ज्या मुलाला चौथ्या वर्षीच शाळेची धास्ती बसली, ते चौदाव्या वर्षी शाळा सोडायला एक कारण घेऊनच मोठं होतं.

आणखी एक. आपल्या मोहल्ल्यांत घरं दोन खोल्यांची. खाली गल्लीत दुचाकी आणि टेम्पो. ‘खेळायला घर आहे’ असं मी म्हणालो, ते खोटं होतं. मुलींचं तर विचारूच नका. आठ-नऊ वर्षांची झाली की तिचं बाहेर खेळणं आपणच बंद करतो. मग तिच्या वाट्याला धावण्याची वर्षं येतात किती? त्यातलीही दोन आपण केजीच्या वहीत घालवणार?

पुढच्या पालकसभेत मी पुन्हा उभा राहिलो आणि माफी मागितली. या वेळी टाळ्या नव्हत्या. टीचर म्हणाल्या, “साहेब, आम्हाला हे माहीत होतं. पण पालकांना वही भरलेली दिसायला हवी असते.” बरीच चर्चा झाली. खाऊची सुट्टी पंचवीस मिनिटं झाली, रोजचा खेळ परत आला, सतरंज्या पुन्हा अंथरल्या. दोन पालकांनी मुलं काढून दुसऱ्या शाळेत घातली. घरी आम्ही ट्यूशन बंद केली. मौलाना साहेबांना भेटून सबक असरनंतर अर्ध्या तासावर आणला. ते स्वतःच म्हणाले, दुपारी पोरं पेंगतात. महिनाभरात डबा रिकामा यायला लागला.

म्हणून मित्रांनो, मुलाला शाळेत घालाल तेव्हा संगणक किती आणि कॅमेरे किती हे नंतर विचारा. आधी तीन प्रश्न विचारा. खायला किती मिनिटं देता? रोज मोकळं खेळायला किती वेळ आणि कुठे? थकलेलं मूल आडवं कुठे होतं? उत्तर मिळालं नाही तर दोन-चार पालक मिळून मागणी करा. तुमच्या वस्तीत अंगणवाडी असेल तर तिथेही जाऊन बघा, नाश्ता वेळेवर मिळतो का, दाराबाहेर खेळायला जागा आहे का. आणि मूल घरी आलं की ‘आज काय शिकलीस?’ विचारण्याआधी त्याचा डबा उघडून बघा. मी तो उघडत होतो, पण त्यात काय लिहिलंय ते वाचायला मला तीन महिने लागले.